पलंग मागायचा नसतो

नाही, तुम्हीच सांगा, सेवाभावी मंडळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर लांबलचक टेबल आलं होतं. भोवती गंभीर चेहरे, भिंतीवर नकाशा, नकाशावर रंगीत टाचण्या, आणि कोणीतरी उभं राहून म्हणतंय, "आपल्यापुढचं आव्हान असं आहे की..." आता प्रत्यक्षात काय दिसलं ते ऐका. चष्म्याच्या दुकानामागे एक खोली, तीच कचेरी आणि तेच गोदाम. छताला टांगलेल्या कुबड्या, कोपऱ्यात एकात एक अडकवलेले वॉकर, आणि अध्यक्ष चाकाच्या खुर्चीत. माझं मन भरून आलं. म्हटलं, बघा, स्वतःला चालता येत नाही आणि माणूस जगाची सेवा करतोय... तेवढ्यात ते टुणकन उठले, खिडकी उघडली, आणि पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसले. धडधाकट माणूस हो! बसायला खुर्च्या कमी आहेत म्हणून देणगीतल्या वापरतात म्हणे. आणि मला काय दिलं असेल बसायला? कमोडची खुर्ची. झाकण लावून, वर उशी ठेवून. "बस गं, नवी कोरी आहे, अजून कोणाकडे गेलेली नाही," असं माझी सख्खी आत्या म्हणाली. बसले. काय करणार... आणि मी, तुम्हाला सांगते, मी तर शिकून आले होते.

कसलं शिक्षण, विचारा ना. सामाजिक संस्था कशा चालवाव्यात, नेमकं याच विषयाचं. इतक्या लांब जाऊन, तिथल्या थंडीत बोटं आखडून घेऊन, मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकून मी परत आले ती एकाच ध्यासाने, की आपल्या गावात काहीतरी उभं करायचं. आत्या म्हणाली, "उभं कशाला करतेस, आमचं आधीच उभं आहे, ये की." म्हणून गेले.

तर हे मंडळ काय करतं, तर आजाऱ्याला लागणाऱ्या वस्तू लोकांना वापरायला देतं. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, आणि ते पलंग असतात ना दवाखान्यातले, पायथ्याशी हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते, ते. फुकट. कागद नाही, सही नाही. घरात माणूस पडलंय एवढं कळलं की सुतारकाका हातगाडीवर पलंग घालून दारात हजर. सुतारकाका म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, बोलायला कंजूष, कानामागे कायम पेन्सिल. अध्यक्ष म्हणजे पुढच्या दुकानातले चष्मेवाले काका. समोरच्याशी बोलताना आधी त्याच्या चष्म्याकडे बघतात आणि मग त्याच्याकडे. आत्या चिटणीस. आणखी चारदोन माणसं येऊन-जाऊन असतात, पण खरं मंडळ म्हणजे हे तिघं.

वस्तू जाते हे ठीक आहे, पण परत कशी येते? हा प्रश्न मी पहिल्याच सभेत विचारला. अगदी नम्रपणे. म्हटलं, "परतीची मुदत काय ठेवली आहे आपण?"

तिघं माझ्याकडे बघायला लागले. सुतारकाका म्हणाले, "मुदत कशाची? आजारपणाची?"

म्हटलं, "तसं नाही काका, पण ठरावीक दिवसांनी एक फोन करायचा, आठवण करून द्यायची, की बाबा, आमचा पलंग..."

चष्मेवाले काका अवघडले, आणि अवघडले की ते पायाने जमीन रेटतात, आणि खाली चाकं, त्यामुळे अध्यक्ष सावकाश मागे मागे जात थेट वॉकरच्या ढिगावर आपटले. तिथूनच म्हणाले, "मागायचं नसतं गं. तेल घालायला जायचं असतं."

आता या वाक्याला काही अर्थ आहे का? मला वाटलं, काकांचं वय झालं. पण आत्याने मला बाजूला घेऊन समजावलं. ती म्हणाली, "हे बघ, पलंग परत यायची कारणं दोनच. माणूस बरं झालं तर लोक आपणहून आणून देतात, वर पेढ्याचा बॉक्स. आणि बरं नाही झालं तर... मग आपण काय फोन करून विचारायचं? झालं का, म्हणून? त्यापेक्षा आपण तेलाची कुप्पी घेऊन जायचं. हँडलला तेल घालायला आलोय म्हणायचं. बसायचं, चहा प्यायचा, तेल घालायचं, यायचं. काय आहे ते आपल्याला दिसतं, त्यांनाही बोलायला कोणीतरी मिळतं. द्यायचा असला तर तेच म्हणतात, घेऊन जा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेल."

सांगा आता. याला काय म्हणायचं? हे कुठल्या पुस्तकात बसतं? मला तर झोप येईना त्या विचाराने. किती वस्तू बाहेर आहेत, कुठे आहेत, कोणाला माहीत आहे? कोणालाही नाही. म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे, आणि कोणीच कोणाला सांगत नाही. आणि सभेत विषय काय निघतात? कप कोणी विसळायचे. चहात साखर आधी घालायची की ज्याची त्याने घ्यायची. यावर मी माझ्या कानांनी अर्धा तास ऐकलं आहे. आणि कुठलाही महत्त्वाचा विषय निघाला की तिघांचं एकच उत्तर. "बघू या." तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे 'बघू या' म्हणजे काय. म्हणजे संपलं ते प्रकरण.

तरी मी हटले नाही. म्हटलं, आपण गरज शोधत जायचं, लोक येण्याची वाट बघायची नाही. म्हणून मी दवाखान्यात गेले, वॉर्डातून फिरले, आणि तिथे मला टेलरबाई भेटल्या.

टेलरबाई आमच्या शेजारच्या गल्लीतल्या. एकट्या राहतात. एक खोली, पुढच्या दाराशी शिवणयंत्र, मागे चूल आणि अंथरूण. अर्ध्या गावातल्या मुलांचे शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता घरी सोडणार, पण डॉक्टरांची अट, जमिनीवर निजायचं नाही, साधी खाट चालायची नाही, डोक्याकडून उचलता येणारा पलंगच पाहिजे. आणि शेजारी त्यांचा भाऊ उभा. दुसऱ्या गावाहून आलेला, भला माणूस, तळमळीने सांगतोय, "ताई, हट्ट सोड. गाडी आणलीये. माझ्याकडे चल कायमची. ते मशीन देऊन टाकू कोणाला तरी, आता काय करायचंय तुला शिवून?"

टेलरबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "एकदा गेले ना याच्याकडे, की मी पाहुणी झाले बघ. पाहुणीला घर नसतं."

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मावशी, काळजी करू नका. मंडळाकडून उद्या दुपारपर्यंत पलंग तुमच्या घरी पोचेल. हा माझा शब्द." भाऊ म्हणाला, "बरं. उद्या दुपारी घरी पलंग दिसला तर मी मुकाट्याने माघारी जातो. नाही दिसला तर तीच गाडी पुढे माझ्या गावाला." व्यवहार चोख.

मी धावत मंडळात. "एक पलंग हवाय, उद्या दुपारी."

आत्या म्हणाली, "एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे बाहेर आहेत."

मी शब्द देऊन आले होते आणि गोदामात पलंग आहे की नाही हे बघितलं नव्हतं. शिकून आले होते ना!

मी सगळं सांगितलं. भाऊ, गाडी, मशीन, 'पाहुणीला घर नसतं' हे सुद्धा, त्यांच्याच आवाजात. तिघांनी ऐकून घेतलं. सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवली. चष्मेवाले काका चाकांवर थोडे मागे गेले, थोडे पुढे आले. मी वाट बघतेय, आता काहीतरी ठरेल, आता ठराव होईल... आणि तिघं काय म्हणाले?

"बघू या."

आणि मग कप कोणी विसळायचे यावर बोलणं सुरू झालं.

मी आत्याला ओढतच बाहेर काढलं. म्हटलं, "एक तरी घर सांग, जिथे पलंग नुसता पडून आहे." ती कशीबशी म्हणाली, "ड्रॉइंगमास्तरांकडे आहे. त्यांची बायको जाऊन बरेच महिने झाले. पण मागायचं नाही हं. तेल घालायला जाऊ."

म्हटलं, चल. पण मनात ठरवलं होतं की मी मागणारच. तेल गेलं तेलाच्या ठिकाणी.

मास्तरांनी दार उघडलं. दोन खोल्यांचं घर, भिंतींवर पेन्सिलने काढलेले हात. नुसते हात. भाजी चिरणारे, सुईत दोरा ओवणारे, पुस्तक धरलेले, सगळे एकाच बाईचे. खिडकीशी पलंग. चादर अशी ताणलेली की सुरकुती नाही, डोक्याकडची बाजू वर केलेली, उशाशी पाण्याचं भांडं, त्यावर झाकण. मी तोंड उघडलं होतं, पण ते तसंच राहिलं. आत्याने कुप्पी पुढे केली. "मास्तर, हँडलला तेल घालायला आलोय."

मास्तर म्हणाले, "तेल नको."

आता मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असणार, कारण आत्याचा हात हवेतच राहिला. कुप्पी वाकडी, एक थेंब फरशीवर. तेल नको म्हटल्यावर पुढे काय करायचं हे कोणाला माहीतच नाही!

मास्तर म्हणाले, "राग मानू नका. मागे तुम्ही तेल घालून गेलात तेव्हा ती रुसली होती माझ्यावर. म्हणाली, सकाळी हँडल कुरकुरलं की मला कळायचं, तुम्ही उठलात. आता तुम्ही उठल्याचं कळतच नाही, चोरासारखे येता." जरासे हसले. "आता पुन्हा कुरकुरायला लागलंय. सकाळी वर करतो, संध्याकाळी खाली. कोणी नसतं त्यावर, ठाऊक आहे मला. पण घरात आवाज होतो."

आता मागा पलंग. आहे हिंमत? मी बघितलं आत्याकडे, आत्या फरशीवरचा थेंब पदराने पुसतेय. चहा आला. चहा पिताना मला राहवलं नाही. मागितला नाही मी, देवाशपथ नाही मागितला. नुसती बातमी सांगावी तसं म्हटलं, "टेलरबाई उद्या घरी येतायत. म्हणजे... बघू, जमलं तर." आत्याने मला असा चिमटा काढला की वळ चार दिवस होता. मास्तर "हं" म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले. संपलं.

परत येताना मी तडतडत होते. म्हटलं, "आत्या, तुम्ही सगळे फार चांगली माणसं आहात, पण चांगुलपणाने पलंग येत नाही. मला एका मोठ्या संस्थेतून नोकरी आलीये, परवा सकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी जाते. तिथे निदान सामान कुठे आहे हे भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं."

आत्या म्हणाली, "जा हो. पण चप्पल बदलून जा, अंगठा तुटलाय." तिचं हे असं. भांडायला गेलं की ती काळजी करते, मग माणसाने भांडायचं कोणाशी?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फोन लावत बसले. दवाखाने झाले, दुकानं झाली, ओळखीच्यांचे ओळखीचे झाले. "पुढच्या आठवड्यात बघा." "नाव लिहून ठेवतो." "असा पलंग म्हणजे कसा पलंग?" दुपार व्हायला आली. शेवटी उठले, म्हटलं, शब्द आपण दिला, तर नाही म्हणून सांगायलाही आपणच जायचं. वाटेत पाठ करत होते, मावशी, मला माफ करा, मावशी, मला माफ करा... आणि टेलरबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर आत जाताच येईना.

का? तर गल्लीत पलंग.

एक नाही, तुम्हाला सांगते, तीन!

पहिला सुतारकाकांचा. अख्खी सकाळ ठोकत होते म्हणे. चार भक्कम पाय, डोक्याकडे उचलायला बिजागऱ्या, आणि वरची फळी मला कुठेतरी बघितल्यासारखी वाटली. नीट बघितलं तर कडीकोयंड्याची भोकं. म्हटलं, "काका, हे दार आहे का?" म्हणाले, "हो. गोदामाचं. सागवान आहे." म्हणजे आमच्या गोदामाचं दार उचकटून माणसाने पलंग केला होता आणि गोदाम उघडं टाकून आला होता. मी "काका!" एवढंच म्हणू शकले. ते म्हणाले, "चोर काय नेणार, कुबड्या? आणि नेल्या तर त्याला लागत असतील म्हणूनच नेईल ना."

दुसरा पलंग चष्मेवाल्या काकांच्या आईचा. घरातला, तिच्या खालचा. आणि तो नुसता आला नव्हता, आजीही मागोमाग चाकाच्या खुर्चीत, मांडीवर तिची उशी. "अहो आजी, तुम्ही कुठे निजणार?" तर म्हणते, "मी काय, बसल्या बसल्याही झोपते. सभेत याला बघितलंस ना, माझ्यावरच गेलाय. पण या पलंगाचं हँडल अर्ध्यावर अडकतं, तिथे एक टपली मारावी लागते, ती कुठे मारायची हे दाखवायला आले." काका बाजूला मान खाली घालून उभे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं सुद्धा नव्हतं. बघू या, बघू या म्हणत दोघं दोन दिशांना गेले होते आणि प्रत्येकाने गुपचूप एकेक पलंग उभा केला होता... हे यांचं 'बघू या'!

तिसरा म्हणता? तिसऱ्यापाशी आत्या उभी होती, एक बाजू धरून. दुसरी बाजू धरून ड्रॉइंगमास्तर. चादर तीच, ताणलेली. सकाळी तेच तिच्या दारात आले म्हणे. म्हणाले, "उचलायला एक माणूस द्या."

आणि बरोबर त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी भावाची गाडी आली. मागच्या सीटवर टेलरबाई, उशांना टेकून आडव्या. भाऊ उतरला, बघतो तर पलंग नाही असं नव्हे, पलंगांमुळे गाडी आत जात नाही. त्याने घरात पलंग दिसला तर माघारी जाण्याचं कबूल केलं होतं, गल्लीत तीन दिसले तर काय करायचं हे ठरलं नव्हतं. इकडे यांची सुरुवात. "आमचाच घ्या, सागवान आहे." "अहो, याची बिजागरीच कुरकुरेल, माझा घ्या, फक्त टपली मारायची." "तुम्ही आधी घरी जा हो आजी, रात्री तुम्हाला धाप लागते." कोणी आपला मागे घ्यायला तयार नाही. देण्यावरून माणसं अशी हमरीतुमरीवर येतात हे मी कुठल्या व्याख्यानात ऐकलं नव्हतं, आणि मी तर...

जाऊ द्या. सारखं काय तेच सांगायचं.

शेवटी टेलरबाईंनीच गाडीतून हात वर केला. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचा तुम्हाला लागतो, परत न्या. काका, फळी छान आहे, ती मला कापड बेतायला ठेवा, मशीनशेजारी. आणि मास्तर..." मास्तरांकडे बघून त्या थांबल्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं तो पलंग कोणाचा. "मास्तर, तुमचा खरंच द्यायचाय का? नसेल तर मी भावाकडे जाते. मनात कुढत राहणार नाही, खरं सांगते."

मास्तरांनी पलंगाची आपली बाजू उचलली, आत्याला मानेने खुणावलं, आणि दोघांनी तो खोलीत नेऊन मशीनशेजारी मांडला. टेलरबाईंना उचलून त्यावर निजवलं. मग मास्तर पायथ्याशी वाकले आणि हँडल फिरवायला लागले. कर्र... कर्र... कर्र... अख्ख्या खोलीत आवाज. टेलरबाई हळूहळू वर आल्या, दारातून गल्ली दिसेल इतक्या वर. सुतारकाकांचा हात सवयीने कुप्पीकडे गेला तर आत्याने तो धरला.

मास्तर म्हणाले, "जरा आवाज करतो हा."

टेलरबाई म्हणाल्या, "करू दे. मशीन बंद आहे तोवर घरात तेवढंच बोलणं. आणि हे फिरवायला माझ्याकडे कोणी नाही, मास्तर. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कोणीतरी यावं लागेल."

मास्तर म्हणाले, "येतो ना."

भावाने रुमाल काढून घाम पुसला. घाम डोळ्यांतलाच होता. मग गाडीतून बहिणीची पिशवी आणून खुंटीला लावली, "येतो ताई," म्हणाला, आणि शब्द दिल्याप्रमाणे मुकाट्याने माघारी गेला. मुकाट्याने म्हणजे, गल्लीच्या टोकाला थांबून मला एवढं विचारून, की तुमच्या मंडळाची आमच्या गावात शाखा आहे का. मी काय सांगणार? शाखा? हो, शाखा काढायला आधी मंडळ कसं चालतं हे कोणालातरी कळायला हवं ना... मला कळलं नाही, या तिघांनाही कळत असेल असं वाटत नाही.

तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. नोकरीचं कळवायचा शेवटचा दिवस. आणि मी कुठे? गोदामाच्या उंबऱ्यात. दारच नाही म्हटल्यावर कोणीतरी बसायला नको? आत्याला घरचं काम, काकांना दुकान उघडायचं, मग उरलं कोण? हातात फोन, समोर त्या संस्थेचा नंबर, बोट नंबरावर. तेवढ्यात सुतारकाका आले. टेप काढला, चौकटीची उंची घेतली, रुंदी घेतली, पेन्सिलने भिंतीवर आकडा लिहिला, आणि मला विचारलं, "नवं दार कधीपर्यंत पाहिजे? तुला जायचंय म्हणे. दार बसेपर्यंतच बसायचं तू, मग मोकळी."

मी फोनकडे बघितलं. काकांकडे बघितलं. आणि म्हटलं, "घाई नाही काका. सावकाश होऊ द्या."

त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाले, "बघू या."